वॉलरने हॉप्टनला लिहिलेलं पत्र: आधी त्यातला नकार वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. महाविद्यालयातल्या मुलांकडून तुम्ही युद्धकाळातल्या पत्रांचं अभिवाचन बसवताय. त्यात सर विल्यम वॉलरने १६ जून १६४३ रोजी सर राल्फ हॉप्टनला लिहिलेलं पत्र घेतलंय. तेव्हा इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. वॉलर पार्लमेंटचा सेनापती, हॉप्टन राजा पहिला चार्ल्स याचा, आणि दोघे जुने मित्र. आता गटात वाद पडलाय. काहींना हे मैत्रीचं अस्सल पत्र वाटतं, काहींना निव्वळ सरदारी शिष्टाचार. आणि एका मुलीने विचारलंय की इतकी माया होती तर वॉलर भेटायला का गेला नाही?

तिचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे. मी सतराव्या शतकातली पत्रं वाचते आणि वाचायला शिकवते, इंग्रजीही आणि मोडीही. माझं मत सरळ सांगते: मैत्री खरी होती. आणि तरीही हे पत्र नकाराचं आहे. ‘शत्रू नसलेलं युद्ध’ एवढाच तुकडा सगळीकडे उद्धृत होतो, त्यामुळे हे भेट नाकारणारं पत्र आहे हेच लोक विसरतात. तुमच्या मुलांनी तो नकार धरून वाचलं तर बाकीची वाक्यं आपोआप जागेवर बसतील.

बोलणं सोपं व्हावं म्हणून महत्त्वाचा मजकूर इथे देते. अनुवाद माझा, कामापुरता. छापील आवृत्त्यांमध्ये मूळ इंग्रजीचे शब्द इकडेतिकडे थोडे बदलतात, पण आशय तोच आहे. वॉलर बाथमध्ये होता, हॉप्टन वेल्सला, मध्ये जेमतेम तीसेक किलोमीटर.

‘तुमची योग्यता मी अनुभवली आहे, तुमच्या मैत्रीचं सुख मला लाभलं आहे, म्हणूनच आज आपल्यात पडलेलं अंतर पाहून काळजाला घरं पडतात. माझा स्नेह इतका अढळ आहे की हे वैरसुद्धा त्याला धक्का लावू शकत नाही. पण ज्या पक्षाची सेवा पत्करली त्याच्याशी मला इमान राखलंच पाहिजे.’

‘तुमच्या इच्छेप्रमाणे मी मोठ्या आनंदाने भेटीला आलो असतो. पण तुम्ही त्या पक्षात इतके गुंतला आहात की माघारीची वाट उरलेली नाही आणि कोणत्याही समजावणीचा तुमच्यावर परिणाम होणार नाही, असं मला दिसतं. शिवाय आपली भेट कितीही गुप्त ठेवली तरी तिचा बोभाटा होईल आणि माझ्या अब्रूला बट्टा लागेल असाच तिचा अर्थ लावला जाईल.’

‘माझं अंतःकरण जाणणाऱ्या परमेश्वराला ठाऊक आहे की किती जड मनाने मी या कामगिरीवर निघालो आहे, आणि शत्रू नसलेल्या या युद्धाचा मला किती पुरेपूर तिटकारा आहे. पण मी याकडे ईश्वराचं कार्य म्हणून पाहतो, आणि मनातली सारी खळबळ शांत करायला तेवढं पुरे आहे.’

पुढे तो म्हणतो की आपण दोघे रंगमंचावर उभे आहोत, या शोकांतिकेत वाट्याला आलेल्या भूमिका वठवायच्याच आहेत. तर त्या आब राखून, मनात वैयक्तिक आकस न ठेवता वठवू या. निकाल काहीही लागो, तुमचा मित्र ही पदवी मी आपखुशीने कधीच सोडणार नाही, असं लिहून तो सही करतो.

आता मैत्री खरी कशावरून? पत्राच्या गोड भाषेवरून मी ते म्हणत नाही. जुनी पत्रं वाचणाऱ्याने मायना आणि समाप्तीवर कधी विसंबू नये. मोडी कागदात ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत’ लिहिणारा माणूस त्याच पत्रात कर्जाचा तगादाही लावत असतो. भरवसा ठेवायचा तो पत्राबाहेरच्या आयुष्यावर. हे दोघे साधारण एकाच वयाचे. दोघांनी तरुणपणी, १६२०च्या सुमारास, युरोपात बोहेमियाच्या राणीच्या बाजूने तलवार धरली होती. ही राणी एलिझाबेथ म्हणजे चार्ल्सची सख्खी बहीण. प्रागजवळच्या पराभवानंतर ती पळाली तेव्हा हॉप्टनने तिला आपल्या घोड्यावर घेतलं होतं असं सांगतात. परक्या मुलुखात, हरलेल्या बाजूने एकत्र काढलेले दिवस माणसं विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे, दोघांच्या मतांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर नव्हतंच. डिसेंबर १६४१ मध्ये पार्लमेंटने राजाच्या कारभाराविरुद्ध तक्रारींची लांबलचक जंत्री तयार केली, ती राजासमोर नेणाऱ्या मंडळाचा पुढारी हॉप्टनच होता. पुढच्या मार्चमध्ये मात्र त्याला वाटलं की पार्लमेंट आता मर्यादा ओलांडतंय. सभागृहात तसं बोलल्याबद्दल त्याला काही दिवस लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत बसावं लागलं. ऑगस्ट १६४२ मध्ये राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारलं तोवर तो राजाकडे गेलेला होता. म्हणजे वॉलर ज्याला ‘माघारीची वाट उरलेली नाही’ म्हणतोय, तो माणूस दीड वर्षापूर्वी पार्लमेंटच्याच वतीने, म्हणजे वॉलरच्याच पक्षाची तक्रार, राजासमोर मांडत होता. यादवी युद्धात हे फार छळतं. समोरचा का गेला हे तुम्हाला कळत नाही असं नसतं, चांगलंच कळत असतं. आपणही कुठे वळलो असतो तर तिकडे पोचलो असतो, हेही दिसत असतं.

मग तो भेटायला का गेला नाही? पत्रात त्याने दोन कारणं दिली आहेत आणि मला दोन्ही खरी वाटतात. फक्त वजन सारखं नाही.

पहिलं कारण नीट पाहा. तुम्ही समजावणीपलीकडे गेला आहात, म्हणून भेट नको. म्हणजे भेटीचा एकच उपयोग तो धरून चालतो: मी तुम्हाला वळवणं. हॉप्टनच्या मनात बहुधा नेमकं उलट असणार. हॉप्टनच्या हाताखालच्या कॉर्नवॉलच्या सैन्याने मे महिन्यात स्ट्रॅटनची लढाई जिंकली होती आणि राजपक्षाची पश्चिमेकडची बाजू वर होती. अशा वेळी जुन्या मित्राला ‘एकदा भेटू या’ असं कळवलं जातं ते त्याला आपल्याकडे ओढण्यासाठीच. वॉलरने ती शक्यता उच्चारलीसुद्धा नाही. मला यात मोठी समज दिसते. ‘तुम्ही मला फितवायला बघताय’ असं लिहिलं असतं तर मैत्री तिथेच संपली असती. त्याने सगळा प्रश्न हॉप्टनच्या निष्ठेचा करून टाकला, आणि त्यात हॉप्टनचा मानही राहिला.

दुसरं कारण बोभाट्याचं. इथे तारखा हाताशी घेतल्याशिवाय पत्र कळत नाही. ३१ मे १६४३ ला लंडनमध्ये एक कट उघडकीला आला. शहर राजाच्या हाती देण्याचा बेत होता आणि त्याचा सूत्रधार होता कवी आणि पार्लमेंट सदस्य एडमंड वॉलर, आपल्या विल्यम वॉलरचा नातेवाईक. हे पत्र त्यानंतर सोळा दिवसांनी लिहिलेलं आहे. आडनाव वॉलर, नातलग तुरुंगात, राजधानीत जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघतोय, आणि अशा वेळी राजाचा सेनापती भेटीला बोलावतोय! त्याच महिन्याच्या अखेरीस हल शहराचा सुभेदार सर जॉन हॉथम आणि त्याचा मुलगा पकडले गेले. आरोप शत्रुपक्षाशी संधान बांधल्याचा. हा तोच हॉथम, ज्याने १६४२च्या एप्रिलमध्ये खुद्द राजाला हलच्या वेशीबाहेर उभं केलं होतं. एवढी पुण्याई गाठीशी असूनही जानेवारी १६४५ मध्ये बापलेकांची डोकी उडवली गेली. पलीकडच्या माणसाशी बोलण्याची किंमत ही होती.

शिवाय असं पत्र जायचं कसं तेही मुलांना सांगा. दोन्ही बाजूंचे सेनापती पत्रं धाडायचे ती तुतारीवाल्याबरोबर किंवा ढोलवाल्याबरोबर. तो तुतारी वाजवत शत्रूच्या चौकीपर्यंत जायचा, तिथे त्याला अडवून आत नेत. म्हणजे पत्र आलंय हे अख्ख्या छावणीला कळलेलंच असायचं. हातात पडलेली खासगी पत्रं छापून टाकायलाही कोणी मागेपुढे पाहत नसे. १६४५ मध्ये नेझबीच्या लढाईत खुद्द राजाची राणीला लिहिलेली पत्रं सापडली, तीही पार्लमेंटने लंडनमध्ये जाहीर वाचून दाखवून छापली. तेव्हा वॉलर हे पत्र लिहीत होता हॉप्टनसाठी, पण आपल्या अधिकाऱ्यांच्या आणि लंडनच्या नजरेला पडलं तर काय, हेही त्याच्या मनात असणारच. ‘पक्षाशी इमान’ आणि ‘ईश्वराचं कार्य’ ही वाक्यं त्यांनाही ऐकू जावीत अशी आहेत. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. वॉलर कडवा धर्मनिष्ठ होता, तो तसंच मानत होता. एकच वाक्य दोन वाचकांसाठी मनापासून लिहिता येतं. तुमच्या गटातले दोन्ही पक्ष इथे अडकलेत: एकाला दुसरा वाचक दिसत नाही, दुसऱ्याला तो दिसल्यावर पहिला दिसेनासा होतो.

पुढे काय झालं ते अभिवाचनात निवेदकाकडून जरूर यावं. ५ जुलैला बाथजवळ लॅन्सडाउनच्या टेकडीवर दोघांची सैन्यं भिडली. त्याच दिवशी लंडनच्या कटातल्या दोघांना फाशी होत होती. दुसऱ्या दिवशी दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला आणि हॉप्टन होरपळला. डोळ्यांना दिसेना, हातपाय हलेनात. त्याला डेव्हायझेस गावात नेलं. वॉलर पाठलागावर होता. त्याने गावाला वेढा घातला.

वेढ्यातला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. बंदुकीची बत्ती, म्हणजे ठासणीच्या बंदुकीला जाळ द्यायची धुमसती दोरी, आत संपत आली होती. अंथरुणाला खिळलेल्या हॉप्टनने हुकूम दिला की गावातल्या घराघरांतल्या पलंगांच्या दोऱ्या काढून आणा, कुटा आणि राळेत उकळा. लोकांच्या झोपायच्या दोऱ्यांच्या बत्त्या झाल्या आणि त्यांवर तटबंदी लढली. तीन आठवड्यांपूर्वी ‘स्नेह अढळ आहे’ असं ज्याला लिहिलं तो भाजलेला मित्र आत पडलाय हे वॉलरला ठाऊक होतं, आणि त्याने वेढा सैल केला नाही. हॉप्टननेही जुन्या मैत्रीच्या नावाने काही मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. १३ जुलैला ऑक्सफर्डहून आलेल्या राजाच्या घोडदळाने राउंडवेच्या माळावर वॉलरची फौज धुळीला मिळवली आणि वेढा उठला. पत्रातल्या ‘भूमिका वठवू या’चा अर्थ प्रत्यक्षात हा होता.

मग या मैत्रीचा उपयोग तरी काय झाला? याचं उत्तर दुसऱ्या पत्रात आहे आणि तुम्ही ते घ्याच, कारण ते फारसं कुणी वाचत नाही.

१३ डिसेंबर १६४३. वॉलरने फार्नहॅमहून रात्री कूच करून ऑल्टन गावावर अचानक हल्ला केला. तिथला राजपक्षाचा घोडदळाचा सरदार, अर्ल ऑफ क्रॉफर्ड, निसटला. पायदळाचा कर्नल रिचर्ड बोल्स माणसांसह चर्चमध्ये शिरला आणि आतच लढत मेला. त्या चर्चच्या दारावर गोळ्यांच्या खुणा आजही आहेत. तीन दिवसांनी, म्हणजे वॉलरच्या पत्राला बरोबर सहा महिने होत असताना, हॉप्टनने विंचेस्टरहून वॉलरला लिहिलं. आशय असा: माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलंच उघड अपयश. मी अनेक शूर माणसं गमावली. कर्नल बोल्स जिवंत असेल तर त्याच्या बदल्यात कोण हवा ते सांगा. मेला असेल तर त्याचं प्रेत पाठवा. तुमच्याकडच्या कैद्यांची यादी धाडा, म्हणजे असे निवडक लोक फार काळ सुटकेवाचून राहणार नाहीत. इंग्लिश रक्ताचा हा वाहता ओघ देव लवकर थांबवो. खाली सही, तुमचा विश्वासू मित्र.

या पत्रात वॉलरच्या मूळ पत्रातल्यासारखं लॅटिन नाही, रंगमंच नाही. एक यादी, एक प्रेत, एक अदलाबदल. क्रॉफर्डनेही त्याच वेळी वॉलरला लिहिलं, आणि तो वाइनबद्दल बोलतो. लढाईपूर्वी त्याने वॉलरकडून वाइन मागवली होती आणि वॉलरने ती पाठवलीही होती. आता तो म्हणतो, तुमचीच वाइन तुम्हाला प्यायला मिळाली, माझा काही ती मागे ठेवायचा विचार नव्हता. पण कृपा करून माझा शल्यवैद्य परत पाठवा, बदल्यात तोलाचा माणूस देतो. चेष्टा आणि चरफड दोन्ही आहेत, आणि शेवटी मागणी आहे ती जखमा बांधणाऱ्या माणसाची.

माझं म्हणणं यावरून स्पष्ट होईल. वॉलर-हॉप्टन मैत्रीने युद्ध एक दिवसही थांबवलं नाही. पण दोन छावण्यांमधला एक रस्ता तिने उघडा ठेवला. त्यावरून प्रेतं, कैदी, शल्यवैद्य जाऊ-येऊ शकले. जूनच्या पत्रातलं ‘वैयक्तिक आकस नको’ हे त्या रस्त्याचं बोलणं होतं, आणि डिसेंबरात हॉप्टनने तो वापरला. ज्याने भेट नाकारली त्याच्याकडेच तो मित्र म्हणून मागू शकला, कारण नाकारताना वॉलरने त्याचा अपमान केला नव्हता.

इथे एक सावधगिरी. हे सगळ्या यादवी युद्धांना लागू पडेल असं समजू नका, या युद्धातही ते सगळ्यांना लागू नव्हतं. हे दोघे एकाच थरातले होते, जमीनदार, सर, पार्लमेंटचे सदस्य. त्यांना एकमेकांच्या शब्दावर भरवसा ठेवणं परवडत होतं. ऑक्टोबर १६४४ मध्ये पार्लमेंटने हुकूम काढला की राजाकडून लढताना सापडलेल्या आयरिश माणसाला जीवदान द्यायचं नाही. नेझबीनंतर राजाच्या छावणीतल्या बायका कापल्या गेल्या. त्यांच्यासाठी कुणी तुतारीवाला आला नाही. अभिवाचनात हे एका वाक्यात तरी यावं, नाहीतर श्रोत्यांना वाटेल की ते युद्धच मोठं सभ्य होतं.

शिष्टाचाराची भाषा बाजूला ठेवली तर हेच दुःख कसं दिसतं, हे दाखवायचं असेल तर तिसरं पत्र व्हर्नी घराण्याचं घ्या. थोरला भाऊ राल्फ पार्लमेंटकडे, धाकटा एडमंड, घरात त्याला ‘मन’ (Mun) म्हणत, राजाकडे. वडील राजाचे निशाणबरदार. ते ऑक्टोबर १६४२ मध्ये एजहिलला पडले. मनने थोरल्याला लिहिलं की तू राजाविरुद्ध आहेस ही भीती खरी ठरली, हे तू फार अशोभनीय केलंस. वडील आणि मी, ज्यांचा तू इतका लाडका, त्यांना आता कर्तव्य म्हणून तुझं शत्रू व्हावं लागणार याने माझं मन विदीर्ण होतंय. पुढच्या एका पत्रात तो नरमतो: तू राजाच्या बाजूला गेला असतास तर मी आनंदाने उजवा हात तोडून दिला असता, पण या मतभेदाचं भांडण मी होऊ देणार नाही, लढायला आपल्याशिवाय पुष्कळ माणसं पडली आहेत. वॉलरच्या पत्राशेजारी हे ठेवलं की मुलांना ऐकू येईल की सख्खा भाऊ रागावू शकतो. सेनापतीला ती मुभा नव्हती. मन १६४९ मध्ये आयर्लंडमधल्या ड्रॉईडाला मारला गेला. राल्फने १६४३ मध्येच पार्लमेंटची धार्मिक शपथ घ्यायचं नाकारून फ्रान्स गाठला होता, म्हणजे तोही ज्या बाजूसाठी भावाला दुरावला तिच्यात राहिला नाही. वॉलरचंही तसंच झालं. १६४८ च्या डिसेंबरात त्याच्याच पक्षाच्या सैन्याने त्याला अटक केली आणि सुमारे तीन वर्षं खटल्याविना डांबलं. हॉप्टन १६५२ मध्ये ब्रूजला, परदेशात वारला.

आता बसवण्याबद्दल. क्रम जून, मग निवेदनात लॅन्सडाउन आणि डेव्हायझेस, मग डिसेंबर, असा ठेवा. व्हर्नी बंधू मध्ये घातले तर ताण तुटेल, त्यांना सुरुवातीला घ्या. वॉलर वाचणाऱ्याला रडवेला आवाज लावू देऊ नका. तो माणूस ठरवून बसलेला आहे, त्याचं दुःख त्या ठरवण्याच्या खाली आहे. ‘पण’ या शब्दानंतर आवाज चढवायचा नाही, उलट सपाट ठेवायचा. वेळ कमी पडला तर रंगमंच आणि शोकांतिकेचा भाग खुशाल कापा, टाळ्या त्यालाच मिळतात तरीही. भेट नाकारणारी दोन वाक्यं मात्र पूर्ण ठेवा. आणि हॉप्टन वाचणाऱ्याला आधीच सांगा की १६ डिसेंबरला पत्र लिहिताना बोल्स मेलाय हे त्याला माहीत नाही. ‘जिवंत असेल तर’ हे तो खरोखर विचारतोय.